फिलहार्मोनियाची नाईट की भट्टीवरची पाळी?

'माशिना व्रेमेनी' हा बँड आधी ऐकावा की 'अक्वारियुम'? सोव्हिएत रॉककडे वळलेला माणूस पहिल्या महिन्यातच या प्रश्नापाशी येऊन अडतो. वरवर हा आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो, पण माझ्या मते तो नोकरीचा आहे. एकीकडे 'फिलहार्मोनिया' नावाच्या सरकारी कार्यक्रम-संस्थांच्या पटावरचे वादक, दर कार्यक्रमाला ठरलेली रक्कम घेणारे. दुसरीकडे रात्री इमारती राखणारे, बॉयलरमध्ये कोळसा टाकणारे आणि उरलेल्या वेळात गाणी करणारे. कुठल्या दाराने आत शिरता, त्यावर पुढचं बरंचसं ऐकणं ठरतं. मी दोन्ही दारांनी ये-जा केली आहे. त्यातल्या एका दाराशी माझी चप्पल जरा जास्त वेळ पडलेली असते, हे आधीच सांगून टाकतो.

व्हीआयए (सरकारमान्य 'गायन-वादन संच') म्हणजे काय, 'रॉक' हा शब्द कागदावर यायला का बिचकत असे, हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. बीटल्सचं 'गर्ल' मेलोदिया या सरकारी तबकडी कंपनीने १९६७ साली 'इंग्लिश लोकगीत' म्हणून छापलं होतं, तो किस्साही तुम्ही ऐकला असेलच.

दोन वाटा फुटल्या ती जागा मात्र नीट बघून घ्या. मार्च १९८०, जॉर्जियातल्या तिबिलिसीचा रॉक महोत्सव. वर्षभरापूर्वीपर्यंत दोघंही हौशीच होते. माशिनाचा आंद्रेई माकारेविच आर्किटेक्ट म्हणून नोकरी करत होता, तर गणिताची पदवी घेतलेला अक्वारियुमचा बोरिस ग्रेबेन्शिकोव्ह लेनिनग्राडला एका संस्थेत कनिष्ठ संशोधक होता. महोत्सव भरला तेव्हा माशिना व्रेमेनी नुकतीच रोसकॉन्सर्ट या सरकारी कार्यक्रम-संस्थेच्या पटावर आली होती. पहिलं बक्षीस तिला मिळालं, एस्टोनियाच्या 'मॅग्नेटिक बँड'बरोबर विभागून. अक्वारियुमच्या वेळी ग्रेबेन्शिकोव्ह गिटारसकट स्टेजवर आडवा झाला आणि परीक्षक उठून गेले. लेनिनग्राडला परतल्यावर त्याची नोकरी गेली, कोम्सोमोल या कम्युनिस्ट युवक संघटनेतूनही नाव कापलं. एकाच आठवड्यात एकाची पाटी लागली आणि दुसऱ्याची पुसली गेली.

आता सरकारी वाटेचं भलं आधी बोलतो, कारण पुढे ते राहून जाईल.

त्या देशात चार महिने सलग कामधंदा दाखवता आला नाही, तर 'परजीवी' ठरवून खटला भरता येत असे. कवी ब्रॉड्स्कीला १९६४ मध्ये याच आरोपावरून शिक्षा झाली होती. त्यामुळे कामाच्या पुस्तकात, म्हणजे प्रत्येकाच्या नोकरीच्या नोंदवहीत, कुठला तरी शिक्का असणं ही चैन नव्हती. फिलहार्मोनियाच्या वादकाच्या पुस्तकात 'कलाकार' असाच शिक्का बसे. समिती त्याचा दर्जा ठरवी आणि दर्जाप्रमाणे दर कार्यक्रमाचा दर. रशियनमध्ये त्याला 'स्ताव्का' म्हणतात. आपल्याकडच्या नाटकवाल्याला किंवा ऑर्केस्ट्रावाल्याला समजावून सांगायची गरज नाही, ती आपली 'नाईट'च. शिवाय स्टेज मिळे, बऱ्यापैकी अ‍ॅम्प्लिफायर मिळत, प्रवासाची सोय होई, आणि दूरदूरच्या शहरांत क्रीडागृहं भरून माणसं येत. स्वेर्दलोव्स्कला बनणारी 'उराल' गिटार मी एकदा गळ्यात अडकवून पाहिली आहे. वीस मिनिटांत खांदा बोलायला लागला. तसल्या हत्यारावर ज्यांनी उमेदवारी केली, त्यांना चांगल्या साधनांचा मोह पडला तर मी तरी नावं ठेवणार नाही.

गाण्यातही ही बाजू कच्ची नाही. मिन्स्कचे 'पेस्न्यारी' ऐका. व्लादिमीर मुल्याविनने बेलारूसी लोकगीतांना जी आवाजांची बांधणी दिली, ती भट्टीवरच्या पोरांना कधी जमली नसती. पक्की तालीम, पगारी वादक आणि वर्षानुवर्षं एकत्र गाण्याचा सराव असल्याशिवाय ते होत नाही. ही मंडळी १९७६ मध्ये अमेरिकेचाही दौरा करून आली.

पण त्या नाईटमध्ये गोम होती. हॉल दोनशेचा असो की पाच हजारांचा, वादकाच्या हातात साधारण तीच रक्कम पडे. मग फिलहार्मोनियाने वरून ठरवून दिलेला कार्यक्रमांचा आकडा पुरा करायला एका दिवसात दोन-दोन, तीन-तीन कार्यक्रम लावले तर नवल काय. स्तास नामीनच्या 'त्स्वेती' या बँडचं असंच झालं. १९७३ मध्ये निघालेली त्यांची छोटी तबकडी देशभर खपली, पुढच्या वर्षी मॉस्को प्रांताच्या फिलहार्मोनियाने त्यांना पटावर घेतलं आणि कार्यक्रमांच्या रेट्यात पिळून काढलं. वाद झाला तेव्हा नावच हातातून गेलं. नामीन मोठ्या घरचा, बडे सोव्हिएत नेते मिकोयान यांचा नातू, तरीही त्याला काही वर्षं त्या नावाशिवाय काढावी लागली. ज्यांना आजोबा नव्हते त्यांचा विचार करा.

तरीही हे सगळं मी पचवलं असतं. जास्त काम आणि कमी पैसा ही तक्रार कुठल्या वादकाची नसते? माझं मन उडालं ते एका कागदामुळे.

त्याला 'रापोर्तिचका' म्हणत. कार्यक्रम संपला की भरायचा तक्ता: गाण्याचं नाव, संगीतकार, गीतकार. तो वर जाई आणि त्यावरून ज्याच्या त्याच्या नावावर मानधन जमा होई. इथवर ठीक आहे, उलट न्याय्यच म्हणायला हवं. पण त्याला जोडून नियम असा की, गायलेल्या गाण्यांपैकी ८० टक्के संगीतकार संघाच्या सदस्यांची हवीत. हा नियम कधी सैल असे, कधी घट्ट. १९८३-८४ मध्ये तो चांगलाच आवळला गेला. रॉकवाले बहुतेक आपली गाणी आपणच लिहीत आणि संघाचे सदस्य नसत. म्हणजे आपल्याच कार्यक्रमात आपल्या वाट्याला पाचात एक गाणं. त्यावरचा तोडगाही सगळ्यांना ठाऊक होता: गायचं एक आणि तक्त्यात लिहायचं दुसरं. समोर हजारो लोक एक गाणं ऐकून घरी गेलेले असत आणि कागदावर भलत्याच गाण्याचा कार्यक्रम झालेला असे. ज्या संगीतकाराने तो हॉल कधी पाहिला नाही, त्याच्या खात्यात पैसे पडत.

हे मला एवढं का लागतं, त्याचं कारण रशियात नाही. नव्वदच्या दशकात मी चार वर्षं एका ऑर्केस्ट्रात रिदम गिटार वाजवत होतो. गणपतीत रोज एक, कधी दोन सुपाऱ्या. मालक आयोजकांकडून गाण्यांची यादी घेऊन येत आणि रात्री हिशेबाच्या वहीत झालेल्या गाण्यांवर टिक करत. एकदा कीबोर्डवाल्याने आणि मी मिळून केलेलं एक गाणं आम्ही मध्येच घुसवलं. लोकांनी वन्स मोअर दिला. दुसऱ्या दिवशी वहीत त्या जागी एका जुन्या हिंदी गाण्याचं नाव होतं, पुढे टिक. मालक वाईट नव्हते, त्यांनी पाकिटातून एक रुपया कापला नाही. फक्त आमचं गाणं झालंच नव्हतं. सहा महिन्यांनी मी ऑर्केस्ट्रा सोडला आणि पाणीपुरवठ्याच्या पंपावर रात्रपाळीला लागलो. मोटर सुरू केली, व्हॉल्व्ह बघितला, नोंद केली की तीन-चार तास कोणी फिरकत नसे. गिटार कोपऱ्यात असायची.

म्हणून भट्टीवाल्यांकडे माझा ओढा. हे मोजमाप नाही, कबूल. पण आता त्यांची बाजू ऐका.

लेनिनग्राडच्या पेत्रोग्राद भागात, ब्लोखिना रस्त्यावर १५ नंबरला एक कोळशाचं बॉयलरघर होतं, 'कामचात्का'. १९८६ ते ८८ 'किनो' या बँडचा व्हिक्टर त्सोय तिथे कामाला होता. गायक-कवी बाश्लाचोव्हही काही काळ तिथेच. त्या काळच्या एका माहितीपटात त्सोय फावड्याने कोळसा ढकलताना दिसतो, आणि तो अभिनय नाही हे मनगटाकडे बघून कळतं. आता तिथे क्लब आणि छोटं संग्रहालय आहे. मी गेलो तेव्हा पायऱ्या उतरताना आमच्या पंपहाऊसचा वास येईल असं उगीच वाटलं होतं. आला नाही. (गंमत म्हणजे किनोचा 'कामचात्काचा प्रमुख' या नावाचा अल्बम १९८४ चा. त्सोय फावडं हातात घेण्याआधी दोन वर्षं.)

अशा नोकऱ्यांचा गुण एकच: पाळी. रखवालदार, बॉयलरवाले यांना बहुधा चोवीस तास काम आणि मग तीन दिवस मोकळे. पगार तुटपुंजा, पण पुस्तकात शिक्का बसला आणि पोलिसांचं तोंड बंद झालं. झाडू, भट्टी, रात्रीची राखण, या कामांवर शिकलेली पोरं होती ती नाइलाजाने, हे खरं. पण काहींनी ती हिशेबाने निवडली होती, हेही खरं. संचालकाला त्यांच्या गाण्यात रस नव्हता, कोळसा वेळेवर पडला की झालं.

त्या तीन दिवसांत काय झालं ते बघा. ओख्ता भागातल्या 'तरुण तंत्रज्ञ भवना'त आंद्रेई त्रोपिल्लो मुलांसाठी ध्वनिमुद्रणाचा वर्ग चालवत असे. त्या वर्गाच्या आडोशाने तो बँड रेकॉर्ड करू लागला. अक्वारियुमचा 'निळा अल्बम' १९८१ च्या सुरुवातीचा, मग एकामागून एक. टेपची रिळं, खोक्यावर आंद्रेई उसोव्हने काढलेले फोटो हाताने चिकटवलेले, आणि एकाच्या टेपवरून दुसऱ्याने, दुसऱ्याच्या टेपवरून तिसऱ्याने उतरवून घ्यायचं. १९८६ पर्यंत अक्वारियुमचे आठ-नऊ अल्बम झाले होते, किनोचे चार. आणि रोसकॉन्सर्टच्या पटावर सहा वर्षं काढलेल्या माशिना व्रेमेनीचा पहिला एलपी मेलोदियाने काढला तो १९८६ मध्ये, तोही बँडला न विचारता जुन्या ध्वनिमुद्रणांतून जुळवलेला. माझ्याकडे तो आहे. गाणी उत्तमच आहेत. पण दर वेळी लावताना वाटतं, हा क्रम कोणी लावला?

भट्टीवाल्यांना सेन्सॉर नव्हता असं मात्र समजू नका. ७ मार्च १९८१ ला रुबिन्श्तेयना रस्त्यावर १३ नंबरला लेनिनग्राड रॉक क्लब उघडला. तिथे गायचं तर गाण्याचे शब्द आधी मंजूर करून घ्यावे लागत, त्याला 'लितोव्का' म्हणत. संहितेवर शिक्का घेतल्याशिवाय प्रयोग लावता येत नाही, हे आपल्याकडच्या एकांकिकावाल्यांना नवं नाही. क्लबवर केजीबीची नजर होती, आणि सगळे तिथे 'हौशी' असल्यामुळे पैसा शून्य. पण टेपवर शिक्का लागत नव्हता. शब्द अडला तर तो स्टेजवर अडे, रिळावर नाही.

आणि धोका? तो याच बाजूला जास्त, हे मान्य करावंच लागेल. घरगुती मैफलीत टोपीत पैसे गोळा केले तरी 'खाजगी उद्योग' हा फौजदारी गुन्हा. 'वोस्क्रेसेन्ये' या बँडचा अलेक्सेई रोमानोव्ह १९८३ मध्ये याच कलमाखाली पकडला गेला. कित्येक महिने कोठडीत काढल्यावर १९८४ मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली, ती स्थगित. पण मालमत्ता जप्त. पटावरच्या माणसावर वर्तमानपत्र फार तर तुटून पडे. १९८२ मध्ये 'कोम्सोमोल्स्काया प्राव्दा' या वर्तमानपत्राने माशिनाला झोडपलं, तेव्हा वाचकांनी पत्रांचा पाऊस पाडून बँडचीच बाजू घेतली, आणि नोकरी टिकली. ज्याच्या घरी लहान मूल आहे, त्याने कुठली वाट धरावी हे मी सांगायला जाणार नाही.

आवाजाचंही बोलायला हवं. तुमचे कान स्वच्छ ध्वनिमुद्रणाला सरावलेले असतील, तर त्रोपिल्लोकडचे पहिले अल्बम तुम्हाला त्रास देतील. मलाही पहिल्यांदा वाटलं की टेप खराब आहे. शिवाय या बाजूचे काही लोक आळशी होते, त्यांना सूर कच्चा ठेवण्याची हौसच होती. तालमीला वेळ होता आणि तो त्यांनी चहा पिण्यात घालवला, असंही कधीकधी ऐकू येतं. पेस्न्यारीनंतर लगेच हे लावलंत तर मला शिव्या द्याल.

तेव्हा तुम्हाला बांधणी, आवाज आणि वाजवणं यांत गोडी असेल, तर खुशाल सरकारी बाजूने सुरुवात करा. पेस्न्यारी, मग माशिना, मग 'अवतोग्राफ'. यांनीच १९८५ मध्ये मॉस्कोहून उपग्रहाद्वारे लाइव्ह एड या मदतनिधीच्या जागतिक मैफलीत हजेरी लावली होती. पण ऐकताना मध्येच 'हे गाणं यांचं की कोट्याचं?' असा प्रश्न तुम्हाला माझ्यासारखा टोचायला लागला, तर जास्त ताणू नका. सरळ किनोच्या १९८२ च्या '४५' कडे या. त्यातल्या पहिल्याच गाण्याचं नाव आहे 'वेळ आहे, पैसे नाहीत'. पंचेचाळीस मिनिटांच्या आसपासचा अल्बम आहे, म्हणून नाव '४५'. ड्रमर नव्हता, त्यामुळे काही ठिकाणी रिदम मशीनची टकटक ऐकू येते, आणि साथीला अक्वारियुमची माणसं बसली आहेत. फक्त फोनच्या स्पीकरवर लावू नका, गिटारचा खालचा भाग सगळा गायब होतो.