ठिबक की तुषार: संच घेण्यापूर्वी

ठिबक आणि तुषार हे दोन्ही सिंचन संच एकाच दुकानात मिळत असले, तरी त्यांचा जन्म निरनिराळ्या गरजांतून झाला आहे. कॅलिफोर्नियातील ग्लेंडोरा येथील बागायतदार ऑर्टन एंगलहार्ट यांनी १९३३ मध्ये पाण्याच्याच आघाताने फिरणारा तुषार तयार केला. त्यातून मोठ्या क्षेत्रावर पावसासारखे पाणी शिंपडता येऊ लागले. इस्रायलचे जलअभियंते सिम्हा ब्लास यांनी केवळ मुळाशी थेंबाथेंबाने पाणी देण्याची पद्धत विकसित केली, आणि तिच्या उत्पादनासाठी १९६५ मध्ये नेगेव वाळवंटातील हात्झेरिम किबुत्झमध्ये (सामूहिक शेतवसाहतीत) नेटाफिम ही कंपनी उभी राहिली.

निवड करताना पहिला विचार पिकाचा करावा. ऊस, कापूस, केळी, द्राक्ष, डाळिंब अशा ओळीत आणि अंतरावर लावलेल्या पिकांना ठिबकच योग्य आहे. डाळिंबावर तेल्या आणि द्राक्षावर केवडा हा रोग ओल्या पानांमुळे बळावतो. त्यामुळे या बागांवर तुषार चालवणे म्हणजे रोगाला वाट करून देणे होय. याउलट गहू, हरभरा, भुईमूग अशा दाट पेरणीच्या पिकांत नळ्यांचे जाळे अंथरण्याचा खर्च सहसा परवडत नाही, तेथे तुषार सरस ठरतो.

पाण्याच्या बचतीत ठिबक पुढे आहे. त्याची कार्यक्षमता साधारण ९० टक्के, तर तुषारची ७० ते ८० टक्के मानली जाते. वारा आणि ऊन यांमुळे तुषारचे काही पाणी पिकापर्यंत पोहोचतच नाही. शिवाय तुषारला दाब अधिक लागतो, म्हणजे पंप आणि वीजही अधिक लागते. विद्राव्य खते व्हेंचुरीतून (पाण्याच्या प्रवाहात खत ओढून घेणाऱ्या साधनातून) थेट मुळांशी देता येणे हा ठिबकचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा गुण आहे.

मजुरीचा हिशेब मात्र अनेकदा राहून जातो. तुषारचा एकच संच पाइप उचलून शेतभर फिरवता येतो, म्हणून तो स्वस्त पडतो. परंतु कृषिपंपाची वीज रात्रीची असेल, तर चिखलातून पाइप हलवण्याचे कष्ट घरच्याच माणसांच्या वाट्याला येतात, तर ठिबकमध्ये केवळ व्हॉल्व्ह बदलावा लागतो.

ठिबकची खरी परीक्षा देखभालीत होते. शेततळ्याच्या शेवाळयुक्त पाण्याला वाळूची गाळणी आवश्यक असते, विहिरीच्या क्षारयुक्त पाण्याने ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोट्या, बुजू नयेत म्हणून वेळोवेळी आम्लप्रक्रिया (नळ्यांतून आम्ल सोडून सफाई) करावी लागते, आणि उंदीर-खारी नळ्या कुरतडतात ते वेगळेच. म्हणून पाण्याचा नमुना तपासल्याशिवाय ठिबक घेऊ नये.

केंद्राच्या ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ आणि इतरांना ४५ टक्के अनुदान दोन्ही संचांना आहे, त्यामुळे केवळ अनुदानाकडे पाहून निवड करण्याचे कारण उरत नाही. ज्यांची दोन एकर बाग आणि उरलेल्या रानात रब्बीचा हरभरा आहे, त्यांनी बागेपुरते ठिबक घ्यावे आणि हरभऱ्यासाठी फिरता तुषार संच ठेवावा.