लॉगबुकात आले, पण कधी झालेच नाहीत असे तास

मी मुंबईत नोकरी करतो आणि माझ्याकडे हलक्या विमानाच्या खासगी वैमानिकाचा परवाना आहे. नुसत्या या परवान्यावर बाहेरचे स्वच्छ दिसत असेल तेव्हाच उड्डाण करता येते. गेल्या वर्षी जूनच्या सुरुवातीला सह्याद्रीच्या माथ्यावर ढग भराभर खाली उतरताना पाहून मी अर्ध्या वाटेतून मागे फिरलो होतो. इलिनॉय विद्यापीठात १९५४ मध्ये झालेल्या प्रयोगाबद्दल मी पूर्वी वाचले होते. उपकरणांवर उडण्याचे प्रशिक्षण नसलेल्या २० वैमानिकांना बाहेरचे दिसेनासे झाल्यावर विमानावरचा ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले, आणि त्यांपैकी एकालाही तो राखता आला नाही. इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचे दिसत नसताना फक्त उपकरणे पाहून उडण्याची परवानगी, घ्यायचे, हे मी त्या दिवशी ठरवले.

या रेटिंगसाठी, बाकीच्या अटींबरोबर, पायलट इन कमांड (विमानाची जबाबदारी असलेला वैमानिक) म्हणून ५० तासांचे क्रॉस-कंट्री, म्हणजे एका ठिकाणाहून दूरच्या दुसऱ्या ठिकाणचे, उड्डाण आणि ४० तासांचा इन्स्ट्रुमेंट सराव लागतो. त्यातले काही तास मान्यताप्राप्त सिम्युलेटरवर करता येतात आणि उरलेले प्रत्यक्ष विमानात, प्रशिक्षक शेजारी बसवून, बाहेरचे दिसू नये म्हणून डोळ्यांवर हूड (झाकण) लावून करावे लागतात. नोकरी सांभाळून हे जमवणे अवघड असते. अंधेरीच्या एका संस्थेने नेमकी हीच अडचण हेरली. २० तास सिम्युलेटर शनिवार-रविवारी इथेच, उरलेले २० तास त्यांच्याशी करार असलेल्या फ्लाइंग स्कूलमध्ये सलग दोन आठवड्यांत, आणि परीक्षेची तारीखही तेच मिळवून देणार, असा एकूण ४ लाख ८० हजार रुपयांचा प्रस्ताव त्यांनी मांडला. मी दोन हप्त्यांत ३ लाख २० हजार भरले. पावतीवर फक्त ‘प्रशिक्षण शुल्क’ एवढेच लिहिले होते; किती तास, कोणत्या उपकरणावर, कोणत्या विमानात, यातले काहीही नव्हते. तिथेच मी थांबायला हवे होते.

सिम्युलेटरच्या खोलीत भिंतीवर चौकटीत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे मान्यतापत्र लावलेले होते. ते पाहून मी निर्धास्त झालो, पण जवळ जाऊन वाचले नाही. पहिल्या महिन्यात माझे सहा तास झाले. होल्डिंग (ठरलेल्या जागी घिरट्या घालत थांबणे), व्हीओआर ट्रॅकिंग (जमिनीवरच्या रेडिओ केंद्राच्या आधारे मार्ग धरणे), आयएलएस अप्रोच (रेडिओ संकेतांच्या आधारे धावपट्टीकडे उतरणे) यांची ओळख झाली आणि शिकवणारा तरुण मनापासून शिकवत होता, हे मला प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पुढे मात्र सत्रे रद्द होऊ लागली. कधी यंत्र बंद, कधी प्रशिक्षक बाहेरगावी. त्याच सुमारास नोंदी पूर्ण करायच्या म्हणून त्यांनी माझे लॉगबुक, म्हणजे उड्डाणाच्या आणि सरावाच्या तासांची नोंदवही, ठेवून घेतले.

तीन आठवड्यांनी ते परत मिळाले तेव्हा त्यात सहाऐवजी १७ तास होते. त्यातल्या दोन नोंदी मी गणपतीसाठी रत्नागिरीला गावी असतानाच्या तारखांच्या होत्या. मी विचारले तेव्हा व्यवस्थापक शांतपणे म्हणाले, “सर, तास कसेही पूर्ण होणारच आहेत, तुम्ही फक्त खाली सही करा.” प्रत्यक्षात न करता नुसते पेनाने लिहिलेल्या अशा तासांना आपल्याकडे ‘पार्कर पेनचे तास’ म्हणतात. नाव पूर्वी ऐकलेले होते. स्वतःच्या लॉगबुकात ते पाहताना मात्र हातपाय गार पडले. तिथे सही केली असती तर खोटी नोंद माझी ठरली असती, आणि ढगात शिरल्यावर ते ११ तास माझ्या मदतीला आले नसते.

मी सही केली नाही. मला पूर्वी शिकवलेल्या एका ज्येष्ठ प्रशिक्षकांना घेऊन पुन्हा तिथे गेलो. त्यांनी सर्वांत आधी भिंतीवरचे पत्र वाचले. त्यावरचा उपकरणाचा क्रमांक समोरच्या यंत्रावरच्या क्रमांकाशी जुळत नव्हता, पत्ता दुसऱ्याच शहराचा होता आणि मुदतही उलटून गेली होती. याचा अर्थ, मी खरोखर केलेले सहा तासही रेटिंगसाठी धरले जाणार नव्हते. करार असल्याचे सांगितलेल्या फ्लाइंग स्कूलमध्ये मी दूरध्वनी केला, तेव्हा तिथल्या मुख्य प्रशिक्षकांनी या संस्थेचे नावही ऐकलेले नव्हते. मान्यताप्राप्त फ्लाइंग स्कूलची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते, आणि स्कूलला एक दूरध्वनी करायला दहा मिनिटेही लागत नाहीत. पैसे भरण्याआधी मी यांतले काहीही केले नाही.

पैसे परत मागितल्यावर आधी आश्वासने मिळाली, मग ‘परवाना अडचणीत येईल, लॉगबुक तुमचेच आहे’ अशी अप्रत्यक्ष धमकी आली. या एका वाक्यावर पुष्कळ जण गप्प बसत असावेत, असे मला वाटते. मी सर्व १७ तासांच्या नोंदींवर रेघ मारून, शेजारी कारण आणि तारीख लिहून सही केली, त्या पानांच्या प्रती महासंचालनालयाकडे लेखी खुलाशासह पाठवल्या, पोलीस ठाण्यात फसवणुकीची तक्रार दिली आणि ग्राहक आयोगातही अर्ज केला. ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षांची असते, त्यामुळे आश्वासनांवर विसंबून ती घालवू नये.

रक्कम अजून मिळालेली नाही. माझ्या दोन पावत्यांच्या क्रमांकांमध्ये आणखी नऊ पावत्या फाडल्या गेल्या आहेत, म्हणजे तेवढे हप्ते इतर कोणीतरी भरले आहेत. अंधेरीत असे पैसे भरलेले कोणी हे वाचत असतील, तर त्यांनी आजच आपले लॉगबुक परत घ्यावे, प्रत्येक नोंदीची तारीख स्वतः तपासावी आणि पावतीसह तक्रार द्यावी.