केळी वेफर्सच्या पॅकिंगसाठी मेम्ब्रेन नायट्रोजन जनरेटर : दोन उन्हाळ्यांचा अनुभव

रावेर तालुक्यात आमचा केळी वेफर्सचा छोटा कारखाना आहे. पाउचमध्ये हवा राहिली की वेफर्सचं तेल लवकर खवट होतं, म्हणून नायट्रोजनशिवाय पॅकिंग करता येत नाही. आधी सिलिंडर मागवायचो. एका मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण 7 घनमीटर वायू. श्रावणात उपासाची मागणी वाढायची, नेमकी तेव्हाच गाडी उशिरा यायची आणि पॅकिंगच्या बायका दुपारभर बसून राहायच्या.

म्हणून साध्या हवेतून नायट्रोजन वेगळा काढणारं हे मेम्ब्रेनचं, म्हणजे पातळ पडद्याचं, यंत्र घेतलं. दिसायला एक लांब नळकांडं, आत शेवयांहून बारीक असे हजारो पोकळ तंतू. आमचे पॉलिसल्फोन नावाच्या प्लास्टिकचे आहेत. कॉम्प्रेसरची 8 बार दाबाची हवा एका टोकाने तंतूंच्या पोकळीत शिरते. मला आधी वाटायचं, भिंतीला बारीक भोकं असतील आणि चाळणीसारखं काम होत असेल. तसं नाही. वायू आधी त्या प्लास्टिकमध्ये विरघळतो, मग झिरपत पलीकडे निघतो. पाण्याची वाफ आणि ऑक्सिजन झपाट्याने जातात, नायट्रोजन मागे रेंगाळतो आणि दुसऱ्या टोकाला हाती लागतो. वाफही निघून गेल्यामुळे तो अगदी कोरडा असतो. वेफर्स कुरकुरीत राहायला ते हवंच.

घेणाऱ्याने आधी शुद्धतेचं गणित समजून घ्यावं. बाहेर पडणाऱ्या नायट्रोजनचा व्हॉल्व्ह आवळला की हवा तंतूंत जास्त वेळ राहते, ऑक्सिजन आणखी निघून जातो आणि शुद्धता वाढते. पण वायू कमी मिळतो, कारण ऑक्सिजनबरोबर नायट्रोजनही झिरपत असतो. आम्ही 99.5 टक्क्यांचा हट्ट धरला होता, तेव्हा दुसऱ्या पॅकिंग मशीनला वायू पुरेना. आता 98.5 वर चालवतो. सील करताना पाउचमध्ये बाहेरची हवा शिरत असेल तर वरच्या एका टक्क्यासाठी वीज जाळण्यात अर्थ नाही. आधी सीलिंगचे जबडे नीट करा. 99.9 च्या पुढचंच हवं असेल तर कार्बनच्या चाळणीचं पीएसए यंत्र (दाब कमी-जास्त करून वायू वेगळे करणारं) पाहा.

मोठी तक्रार पुरवठादाराबद्दल आहे. आमचा कॉम्प्रेसर तेलाच्या वंगणावर चालणारा, हे माहीत असूनही त्याने एकच साधा फिल्टर बसवून दिला. तेलाची वाफ तंतूंवर बसत गेली आणि आठ महिन्यांत वायू स्पष्टपणे घटला. तेल बसलेले तंतू काही पूर्ववत झाले नाहीत, नवं नळकांडं आमच्याच खर्चाने घ्यावं लागलं. आता कॉम्प्रेसरनंतर ड्रायर, मग तेलाचे थेंब धरणारा फिल्टर आणि शेवटी कोळशाचा फिल्टर आहे. हे सगळं कोटेशनमध्ये लिहून घ्या.

आमच्याकडचा उन्हाळाही धरून चला. तंतू तापले की ऑक्सिजन भरभर जातो, पण त्याच्या जोडीने नायट्रोजनही जास्त वाया जातो, आणि मे महिन्यात कॉम्प्रेसरला तेवढ्याच मालासाठी जास्त राबावं लागतं. फिल्टर वेळेवर बदलले तर यंत्र स्वतः काही मागत नाही. आत हलणारा एकही भाग नाही. दुसऱ्या वर्षी पॅकिंग एकदाही वायूअभावी थांबलं नाही. मी आजही हेच घेईन.

फक्त बसवताना तंतूंच्या भिंतीतून निघालेल्या हवेचा पाइप थेट बाहेर मोकळ्यावर काढा. त्यात ऑक्सिजन जास्त असतो, तळणीच्या भट्टीकडे तो येता कामा नये. उलट पॅकिंगच्या खोलीत नायट्रोजन साचून श्वासाचा ऑक्सिजन कमी होतो, आणि नायट्रोजनला ना रंग ना वास. आम्ही तिथे ऑक्सिजन मीटर लावलाय. हवेतला ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली गेला की तो वाजतो, आणि मग बायकांनी चालू मशीन तसंच सोडून आधी बाहेर यायचं, पाउच वाया गेले तरी चालतील.