लोहाराचा जुना पलंग, कोंडागावचं काम की पाइपचा दिवाण?

घरात लोखंडी फर्निचर आणायचं ठरलं की नागपूरकरापुढे तीन वाटा असतात. गावच्या लोहाराने भात्यावर तापवून, ऐरणीवर ठोकून केलेली जुनी वस्तू. बस्तरमधल्या कोंडागावचं लोहशिल्प. किंवा वस्तीतल्या वेल्डिंगवाल्याकडून पाइपचं काम.

रोज झोपायचा पलंग हवा असेल तर मी जुनाच घेईन. कारण आपला कूलर. चार महिने खिडकीतून ओलसर वारा पलंगावर येतो, आणि पाइप आतून गंजतो. वरून रंग चकचकीत, एक दिवस पाय दबतो तेव्हा कळतं. जुन्या पलंगाच्या भरीव सळईचा गंज वरच दिसतो. घासून रेड ऑक्साइड हा गंजरोधक रंग मारला की झालं. फक्त जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. ओला करून काढा, लेकरांना लांब ठेवा.

या भरीवपणाची किंमत म्हणजे वजन. २० मिमी चौकोनी भरीव सळई मीटरला ३.१ किलो भरते, २५ मिमीचा दीड मिमी जाड चौकोनी पाइप जेमतेम १.१ किलो. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर किंवा दर दोन वर्षांनी घर बदलणाऱ्या भाडेकरूला पाइपच बरा.

जुनं म्हणून नवंही खपवतात. सांधे बघा: लोहाराच्या कामात रिव्हेट किंवा गरम पट्टीचा वेढा असतो, वेल्डिंगचा मणी, म्हणजे वितळलेल्या धातूची फुगीर रेघ, नसते. दोन्ही बाजूंची वेलबुट्टी तंतोतंत सारखी आली तर संशय घ्या. सगळीकडे एकसारखा गंज असेल तर तो बहुधा ॲसिडचा. आणि विक्रेता ‘शंभर वर्षं जुनं’ म्हणून छाती ठोकत असेल, तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यात अशी वस्तू पुरावशेष, म्हणजे देशाबाहेर नेता न येणारा जुना ठेवा, ठरू शकते; मग अमेरिकेतल्या मुलाकडे धाडायचा बेत सोडा.

झोपाळ्याच्या जुन्या कड्या देखण्या, पण जिथे कडी कडीला घासते तिथली झीज तपासल्याशिवाय माणूस बसवू नका.

कोंडागावच्या कामाला भौगोलिक मानांकन आहे. दिवे, भिंतीवरच्या आकृती, खुंट्या यांत त्याला तोड नाही; बसायच्या खुर्चीसाठी मात्र सळईची जाडी सांगून ऑर्डर द्यावी लागेल.

जुन्या पलंगाची मापं तयार मॅट्रेसला जुळत नाहीत, ही तक्रार खरी. पण गादीवाल्याला माप द्या, कापसाची गादी हवी तशी भरून देतो.