डिस्नी वर्ल्डचा डीएएस पास: विशेष मुलांच्या पालकांसाठी परीक्षण

फ्लोरिडातल्या डिस्नी वर्ल्डमध्ये रांगेत फार वेळ थांबू न शकणाऱ्या मुलांसाठी ‘डिसॅबिलिटी अ‍ॅक्सेस सर्व्हिस’, म्हणजे डीएएस, ही मोफत सोय आहे. पास हातात आला की थेट आत, असं पुष्कळ पालक धरून चालतात आणि पहिल्याच राइडपाशी पंचाईत होते. साध्या रांगेला 60 मिनिटं लागत असतील, तर डीएएसवर साधारण तेवढ्याच वेळानंतरची परतीची वेळ, म्हणजे राइडपाशी परत येण्याची वेळ, मिळते. वाट बघावी लागतेच. फक्त ती रेलिंगच्या आत, धक्के खात बघावी लागत नाही; तो तास सावलीत, खाताना किंवा पाळण्याजवळ फिरताना घालवता येतो. स्वमग्न मुलाच्या घरी या एवढ्याशा फरकाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

2013 मध्ये ही सोय सुरू झाली तेव्हा तिचा आवाका मोठा होता. 20 मे 2024 पासून ती मुख्यतः स्वमग्नता किंवा तशाच विकासात्मक अडचणींमुळे रांगेत थांबता न येणाऱ्यांसाठी राहिली. निव्वळ व्हीलचेअर आहे किंवा पोटाचा आजार आहे, म्हणून आता पास मिळेलच असं नाही. अशांना रांगेतून बाहेर पडून परत येण्याची मुभा किंवा त्या त्या राइडपाशी परतीची वेळ, असे पर्याय सुचवले जातात. एकट्या आईबरोबर आलेल्या, वारंवार स्वच्छतागृहात जावं लागणाऱ्या मुलाला हे पर्याय अपुरे पडतात. या सोयीबद्दलची आमची सर्वांत मोठी तक्रार हीच आहे.

नोंदणी व्हिडिओ कॉलवर होते आणि ती घरूनच उरकावी. मूल स्वतः कॉलवर हजर लागतं. ते झोपलेलं किंवा शाळेत असेल तर काम अडतं. कॉल लागायला वेळ लागू शकतो, म्हणून मुलाचं खाणंपिणं झाल्यावरची वेळ निवडा. त्याआधी सगळ्यांची तिकिटं डिस्नीच्या एकाच अ‍ॅपमध्ये जोडून ठेवा. निदानाचं नाव सांगून थांबू नका. गर्दीत तो खाली बसतो का, कान झाकून पळत सुटतो का, किती मिनिटांनी हे सुरू होतं, शांत व्हायला किती वेळ लागतो, हे मुद्दे कागदावर लिहून समोर ठेवा. ‘त्याला गर्दी आवडत नाही’ एवढंच सांगितलं तर नकार येण्याची शक्यता जास्त, कारण गर्दी कोणालाच आवडत नाही. खोटी माहिती दिल्याचं आढळलं तर उद्यानात कायमची बंदी होऊ शकते.

प्रत्यक्ष दिवशी अ‍ॅपवर एका वेळी एकाच राइडची वेळ घेता येते. दिलेल्या वेळेआधी आत सोडत नाहीत, पण उशीर झाला म्हणून ती वाया जात नाही. मूल मध्येच बिथरलं तर सावकाश शांत होऊ द्या. ज्याच्या नावावर पास आहे त्याने राइडला बसायलाच हवं, आणि राइडच्या दाराशी रीडरला, म्हणजे पास तपासणाऱ्या यंत्राला, मनगटातला बँड किंवा तिकीटही त्यानेच आधी लावायचं. हिरवा दिवा लागला की पुढे. निळा लागला तर कर्मचारी येऊन तपासतो. त्याला नकार समजून मूल रडायला लागू शकतं, म्हणून दोन्ही रंग घरीच दाखवून ठेवलेले बरे.

खरी अडचण याच्या पुढे येते. बऱ्याच राइडना आत गेल्यावर दुसरा रीडर असतो आणि तिथे साधी रांग व डीएएसवाल्यांची रांग एक होते. मुलाच्या मते आपण पोचलेलो असतो, आणि नेमकं तिथेच अरुंद, अंधाऱ्या बोळात आणखी पाच-दहा मिनिटं, कधी जास्तही, उभं राहावं लागतं. बहुतेक मेल्टडाऊन, म्हणजे ताण असह्य होऊन मुलाचा ताबा सुटणं, बाहेरच्या तासाभरात न होता इथे होतात. उपाय साधा आहे: आधी काय, मग काय हे चित्रांतून सांगणाऱ्या ‘आधी-मग’च्या कार्डांत दोन्ही रीडर दाखवा. आधी खाऊ, मग पहिला दिवा, मग दुसरा दिवा, मग गाडी. आणि हातात चघळायची किंवा दाबायची वस्तू बोळात शिरण्याआधीच द्या, कारण तिथे पिशवी उघडायलाही जागा नसते.

कोणत्या राइडमध्ये अंधार, वास, लखलखाट, मोठा आवाज किंवा पाणी आहे, याचा तक्ता डिस्नी स्वतः देते. तो आवर्जून वाचा. पीटर पॅनच्या राइडला सरकत्या पट्ट्यावरून चालत बसावं लागतं, त्यामुळे चालताना तोल जाणाऱ्या मुलाला ती अवघड. ज्याला राइड नकोच असेल त्याच्यासाठी रायडर स्विच आहे: एक पालक मुलाजवळ थांबतो, दुसरा जाऊन येतो, मग अदलाबदल.

स्वच्छतागृहांतले आपोआप फ्लश होणारे कमोड हे वेगळंच संकट. सेन्सरवर चिकटणारी चिठ्ठी लावली की मूल उठेपर्यंत फ्लश होत नाही. दोघांना एकत्र जाता येईल अशी स्वतंत्र स्वच्छतागृहं चारही उद्यानांत आहेत. मोठ्या मुलाचे कपडे बदलायचे असतील तर प्रथमोपचार केंद्रात विचारा. शांत कोपरा म्हणून बेबी केअर सेंटर चांगलं. जुन्या माहितीत मॅजिक किंगडम या उद्यानातल्या टॉम सॉयर बेटावर जा असं लिहिलेलं आढळतं, पण ते जुलै 2025 मध्ये बंद झालं. बाहेरचं खाणं आत नेता येतं, फक्त काचेची बाटली नको. मुलाला बाबागाडीत सुरक्षित वाटत असेल, तर गेस्ट रिलेशन्स या मदत कक्षातून बाबागाडीला व्हीलचेअर मानणारा लाल टॅग घ्या, म्हणजे ती रांगेतही नेता येते.

युनिव्हर्सल ऑर्लँडोला जायचं असेल तर हा पास तिथे चालत नाही. तिथे आयबीसीसीईएस या संस्थेचं मोफत कार्ड ऑनलाइन काढायचं, निदानाचा कागद जोडायचा, आणि तेही भेटीच्या किमान 48 तास आधी.

मॅजिक किंगडममध्ये रात्री आतषबाजी असते. तिच्या आधीपासूनच मेन स्ट्रीट, म्हणजे प्रवेशद्वाराकडचा मुख्य रस्ता, माणसांनी भरून जाते, आणि पार्किंगला जायची वाट तीच. पुढे मोनोरेल किंवा फेरीबोटही असते. आवाज सहन न होणाऱ्या मुलाला घेऊन तासभर आधीच निघा, आणि हेडफोन पहिला बार उडण्याआधीच कानावर असू द्या.