मुंबई–न्यूयॉर्क: थेट, दुबईमार्गे की लंडनमार्गे?

आधी अंतर. मुंबई ते न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ, गोलावरून मोजलं तर साधारण 12,530 किमी. दुबईमार्गे 1,930 आणि 11,000 मिळून 12,930. लंडनमार्गे 7,210 आणि 5,540 मिळून 12,750. म्हणजे जास्तीत जास्त चारशे किलोमीटरचा फेरा, विमानाला अर्धा तास. सपाट नकाशावर लंडन आडवाटेला वाटतं, पण गोलावरची सर्वांत जवळची वाट उत्तरेला चढत पार आइसलंडच्या पूर्वेला जाते. तेव्हा अंतर बघून तिकीट निवडू नका.

थेट विमानाला जाताना 16 तासांच्या आसपास लागतात. येताना एक-दीड तास कमी, कारण उंचावरचे पश्चिमी वारे पाठीशी असतात. हिवाळ्यात ते जास्त जोरात वाहतात. हवाई हद्द बंद झाली की मात्र हिशोब बिघडतो. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावं लागलं.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. न्यूयॉर्क आपल्या मागे आहे, उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा (मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं बदलतात). पहाटे 2 ला सुटून तिथल्या सकाळी 8 ला पोचणारं विमान जुलैत साडेपंधरा तास उडतं, जानेवारीत साडेसोळा.

आता मधल्या थांब्याचं. दुबईचा थांबा फार लवकर येतो. सव्वातीन तासांत उतरायचं, नेमकं झोपेच्या वेळी टर्मिनलमध्ये चालायचं आणि पुढे 14 तास बसायचंच. गुडघे धरतात म्हणून मध्ये थांबा हवा असेल तर दुबईने काही साधत नाही. लंडन प्रवासाचे खरे दोन तुकडे करतं, सुमारे 10 आणि 8 तासांचे. तिथे टर्मिनल बदलायचं असेल तर बस आणि पुन्हा सुरक्षा तपासणी धरून तीन तास हवेत. दीड तासाचं कनेक्शन स्वस्त मिळालं तरी सोडा. तीन तासांचा थांबा धरला तर दोन्हीकडून एकूण 20 ते 21 तास होतात. सात-आठ तासांचा थांबा हेच बहुतेक स्वस्त तिकिटांचं गुपित.

अबुधाबीचा वेगळा फायदा आहे. अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं आणि जेएफकेला देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर पडता येतं. पण ती रांग थांब्याच्या वेळातून जाते, म्हणून तिथेही तीन तास ठेवा.

मुलांकडे पहिल्यांदाच निघालेल्या, इंग्रजीची सवय नसलेल्या आईवडिलांसाठी आमचं मत थेट विमानाचंच, पाच-दहा हजार जास्त पडले तरी. व्हीलचेअर बुकिंग करतानाच मागा. पाय सुजत असतील तर मधली सीट घेऊ नका, चालायच्या वाटेकडेची घ्या. तरुण प्रवाशाने लंडन किंवा अबुधाबीने पैसे वाचवावेत.

थांबा घेणार असाल तर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर हवेत. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर पुढचं तिकीट बुडतं आणि बॅगा घेण्यासाठी मधल्या देशात बाहेर पडावं लागू शकतं. त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागतो का, हे तिकीट काढण्याआधीच बघा.