नॅशनल पार्क की राणीबाग?

सुट्टी एकच आहे, पोरंबाळं सोबत आहेत, तर बोरिवलीचं नॅशनल पार्क की भायखळ्याची राणीबाग? माझं मत आधीच सांगते, चालायची तयारी असेल तर नॅशनल पार्कच. शंभर चौरस किलोमीटरच्या वर जंगल, तेही शहराच्या मधोमध, आणि आत कान्हेरीच्या शंभरावर लेण्या. गेटपासून लेण्या सहाएक किलोमीटर आत आहेत म्हणून सकाळी लवकर निघा, आणि वर पोचलात की तीन नंबरच्या चैत्यगृहात, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहात, नक्की जा, व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना बुद्धांच्या उंचच उंच मूर्ती आहेत, मान पूर्ण वर करावी लागते. बाहेर कातळात कोरलेल्या पन्हाळी नि पाण्याची टाकी बघा, पावसाळ्यात अजूनही त्यातनं पाणी खळखळत असतं, माझी मुलगी तिथेच हात घालून बसली होती, उठायलाच तयार नाही!

राणीबाग छोटी, पण आजी-आजोबा असतील तर तीच बरी, सावली भरपूर, जुनी जुनी झाडं, पेंग्विनसमोर मात्र गर्दी असते. शेजारीच भाऊ दाजी लाड म्युझियम, १८७२ चं, त्याच्या आवारात घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती आहे, तो चुकवू नका.

आणि हो, नॅशनल पार्क सोमवारी बंद, राणीबाग बुधवारी.